कागदात नसलेला प्रश्न

मी आयुष्यात पहिला खटला चालवला तो खरा नव्हता. मध्यभारत राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती, मी लॉच्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि इंदूरच्या आमच्या मराठी मंडळानं गणेशोत्सवात अभिरूप न्यायालय ठेवलं होतं. म्हणजे मंचावर कोर्ट मांडायचं, कुणी न्यायाधीश व्हायचं, कुणी आरोपी, दोन्हीकडचे वकील भांडणार आणि शेवटी प्रेक्षक हात वर करून निकाल देणार. आदल्या वर्षी हुंड्यावर खटला झाला होता. भाषणांना लोक जांभया द्यायचे, पण ह्या कार्यक्रमाला जागा धरायला घरून सतरंज्या घेऊन यायचे.

विषय वकीलसाहेब ठरवायचे. ते मंडळाचे अध्यक्ष आणि शहरातले नावाजलेले फौजदारी वकील. सकाळी दोन तास मी त्यांच्या ऑफिसात बसून नकला करायचो, दाखले काढून द्यायचो. माझे वडील होळकरांच्या खाजगीत कारकून होते. राज्य विलीन झालं तसं त्यांचं काम गेलं आणि वर्षभरात तेही गेले. जुन्या इंदुरात दोन खोल्यांत मी आणि आई राहायचो. वकीलसाहेबांनी मला हाताशी धरलं हे आईच्या लेखी देवानंच केलेलं काम होतं. त्यांच्या घरासमोरून जाताना ती पदर सावरायची.

"यंदा एका साहित्यिकाला पिंजऱ्यात उभं करू," वकीलसाहेब कमिटीत म्हणाले. गेल्या शतकातला एक इंग्रजी नाटककार. लंडनमध्ये त्याची दोन नाटकं एकाच वेळी गर्दीत चालू होती, आणि तेव्हाच त्याला पकडून नेलं, दोन वर्षं सक्तमजुरीला पाठवलं. "कलेला नीतीचं बंधन नाही म्हणणाऱ्यांचा हा गुरू. पुण्या-मुंबईचे लेखक ह्या विषयावर नुसते भांडून राहिलेत. आपण इंदूरवाले निकालच लावून टाकू."

"पण साहेब, त्यानं केलं काय होतं?" कुणीतरी विचारलं.

बायका चहा आणायला आत गेल्या आहेत हे वकीलसाहेबांनी मान वळवून पाहून घेतलं. मग म्हणाले, "तेच. कलम तीनशे सत्याहत्तर." सगळे हसले. "कार्यक्रमात बायामाणसं असणार. शब्द संभाळून. 'तो प्रकार' एवढंच म्हणायचं. समजणारे समजून जातील."

मी वहीत खाली मान घालून विषय लिहून घेत होतो. तो प्रकार माझ्यात आहे हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं. गल्लीत पोरं एकमेकांना ज्या शिव्या द्यायची त्यातल्या दोन-तीन त्यासाठी होत्या, आणि आता कायद्याच्या पुस्तकात एक आकडा सापडला होता. मला वाटायचं, लग्न झालं की हे जाईल, जसं मोठं झाल्यावर पोरांचं अंथरूण ओलं करणं जातं.

सरकारी वकील म्हणून माझं नाव वकीलसाहेबांनीच घातलं. "आवाज आहे ह्याला. नाव काढेल." बचावाला एक प्राध्यापक तयार झाले. आरोपी मात्र मिळेना. त्या माणसाच्या जागी उभं राहायचं म्हटल्यावर जो तो घरी काम काढू लागला. शेवटी मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "मी उभा राहतो ना. नाटककार होता, तर संवाद तरी चांगले मिळतील."

त्यांना सगळे भिया म्हणायचे. इंदुरात कुणालाही भिया म्हणतात, पण त्यांना दुसरं काही म्हणावंसं वाटतच नसे. वय चौतीस. सरकारच्या भाषांतर विभागात इंग्रजी नियम हिंदीत आणायचं काम करायचे, मराठी पुस्तकं वाचायचे आणि तिन्ही भाषा एका वाक्यात बोलायचे. बडा गणपतीच्या देवळाजवळ एका दुकानावरच्या खोलीत एकटे राहायचे.

वकीलसाहेबांकडे गाजलेल्या खटल्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली उलटतपासणी आम्ही दोघांनी मराठीत बसवायची असं ठरलं. त्यामुळे ऑफिस सुटल्यावर मी रोज बडा गणपतीला जाऊ लागलो. खोलीत एकच खुर्ची होती. ते मला खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः पत्र्याच्या ट्रंकेवर बसून, मांडीवर पाटी घेऊन लिहायचे. खाली फुलवाल्यांचा गलका चालायचा. चहात आलं इतकं घालायचे की माझे कान गरम व्हायचे.

खटला वाचत गेलो तसा तो वेगळाच निघाला. आधी फिर्याद त्या नाटककारानंच केली होती. त्याच्या एका तरुण मित्राच्या बापानं ह्याच्या क्लबात कार्ड ठेवलं, त्यावर घाण आरोप. मित्र सांगत होते, दुर्लक्ष कर, नाहीतर फ्रान्सला निघून जा. त्यानं ऐकलं नाही, अब्रूनुकसानीचा दावा लावला. साक्षीला उभा राहिला तेव्हा सगळं कोर्ट त्याच्या उत्तरांवर हसत होतं. आणि मग एका मुलाबद्दल प्रश्न आला, त्यानं मस्करीत उत्तर दिलं, तो दिसायला इतका साधा होता की त्याचा मुका घ्यायचा प्रश्नच नव्हता, अशा अर्थाचं. समोरच्या बॅरिस्टरनं ते एवढंसं टोक पकडलं आणि सोडलंच नाही. फिर्यादीचा आरोपी झाला.

"हे बघ," भिया पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "उलटतपासणी घेणारा कोण? ह्याच्याच कॉलेजातला. बरोबर शिकलेले."

"असं?"

"अनोळखी माणसाला कुठं प्रश्न विचारायचा ते मालूमच नसतं."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, पळायला वेळ होता, गाडीही होती, मग हा गेला का नाही. मला वाटत होतं, अभिमान. भिया बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. "कंटाळला असेल," म्हणाले. "रोज रोज लपायचं. माणूस थकून जातो रे."

श्रावणातल्या एका रविवारी ते मला मानपूरला घेऊन गेले. तिथं त्यांची थोरली बहीण राहायची, तिचे यजमान शाळामास्तर. बहिणीनं आग्रह करकरून जेवू घातलं. ताटावर बसल्या बसल्या भावाला म्हणाली, "तुझ्या वयाच्या माणसांची पोरं शाळेत जातात." ते हसून म्हणाले, "ताई, दाल दे अजून." जेवणानंतर आम्ही आग्रा-बंबई रोडनं चालत गावाबाहेर गेलो. उतारावरून ट्रक येत होते. एका पुलियावर, लहान पुलाच्या कठड्यावर, बसलो. बोलणं नाटककाराचंच चाललं होतं, आणि बोलता बोलता त्यांनी माझा हात हातात घेतला. मी काढून घेतला नाही.

"तुला समजतं ना, मी काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तू?"

मी मान हलवली. एवढंच झालं. ट्रक जात राहिले, एका ड्रायव्हरनं उगीच भोंगा वाजवला आणि आम्ही दोघंही दचकून हसलो. आज इतक्या वर्षांनी मला कुणी विचारलं की तुम्ही सुखी कधी होता, तर तो तासभर मी सांगेन. त्याच्या पुढचा-मागचा एकही नाही.

परतीच्या बसमधून इंदूरला उतरलो तर स्टँडवर वकीलसाहेबांचे कारकून उभे. "क्या बात है! जोडी कुठून आली?" साधीच मस्करी. मी उत्तर देताना अडखळलो. भियाच म्हणाले, "आरोपी फरार होता, सरकारी वकील पकडून आणून राहिलेत."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ऑफिसात कारकून माझ्याकडे पाहून हसले तरी माझी हातातली नक्कल चुकायची. "रोज बडा गणपती? दर्शनाला का?" असं त्यांनी एकदा विचारलं. मग वकीलसाहेबांनी मला बोलावलं. फाईल वाचता वाचता, वर न बघता म्हणाले, "बेटा, तालीम आता इथंच करत जा. त्यांच्या खोलीवर नको. एकटा राहणारा माणूस, लोक काहीही बोलतात." मी जी म्हटलं. आणि त्याच आठवड्यात आईनं मला जेवायला वाढताना विचारलं, "ते तुझे भिया चौतीसचे झाले म्हणतोस. चांगली सरकारी नोकरी. मग लग्न का नाही केलं त्यांनी?"

"मला काय माहीत," मी ओरडलो. आई चमकली. मी तिच्यावर कधी ओरडत नसे.

भियांकडे जाणं मी बंद केलं. तालमीला ते वकीलसाहेबांच्या ऑफिसात यायचे. तिथं चार लोक असायचे. मी त्यांच्याशी कागदातले प्रश्न तेवढे बोलायचो. ते एकदा जिन्यावर हळूच म्हणाले, "घाबरलास का?" मी म्हटलं, "परीक्षा जवळ आली आहे." ते म्हणाले, "अच्छा, अच्छा. अभ्यास कर."

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरून लोक व्हरांड्यात उभे होते. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. निवृत्त जज्जसाहेब खरोखरीचा काळा गाऊन घालून बसले. भियांनी कुणाचा तरी उसना लांब कोट घातला होता, खिशात फूल खोचलं होतं. मी सुरुवात चांगली केली. उलटतपासणी सुरू झाली आणि ठरल्याप्रमाणे प्रश्न-उत्तरं होऊ लागली. पण ती उत्तरं भियांच्या तोंडून फार सुंदर यायची. लोक हसायला लागले, टाळ्या पडायला लागल्या. उजवीकडच्या बायकाही हसत होत्या. हॉल आरोपीच्या बाजूला सरकत होता.

मी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत वकीलसाहेब बसले होते. त्यांनी मला मूठ आवळून खूण केली, दाब. त्यांच्या कानाशी कारकून काहीतरी बोलले, आणि दोघांनी माझ्याकडे पाहून स्मित केलं. ते माझ्याबद्दलच बोलत होते हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. कदाचित माझी टाय वाकडी असेल. पण मला वाटलं, समजलं ह्यांना. सगळ्या हॉलला समजलं आहे. आणि वाटलं, ह्यातून बाहेर पडायला एकच दार आहे, ते ह्या माणसाच्या अंगावरून जातं.

कागद टेबलावर ठेवून मी मोठ्यानं विचारलं, "आरोपीनं कोर्टाला सांगावं, त्यानं आजवर लग्न का केलं नाही?"

हा प्रश्न आम्ही लिहिलेला नव्हता. भिया अगदी सावकाश म्हणाले, "सरकारी वकील कागद वाचून आलेले दिसत नाहीत. आरोपीचं लग्न झालं होतं. त्याला बायको होती, दोन मुलगे होते."

क्षणभर लोक हसले, वकिलाची फजिती झाली म्हणून. आणि मग ते हसू हळूहळू थांबत गेलं. मी कुणाला विचारलं होतं ते एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. मागून एक शिट्टी आली. कुणीतरी म्हणालं, "हां भिया, बताओ!"

तिथं मी थांबू शकलो असतो. चूक झाली, माफ करा, एवढं म्हटलं असतं तरी प्राध्यापकांनी सावरून घेतलं असतं. पण मला फजिती दिसत होती आणि वकीलसाहेबांची मूठ. मी म्हटलं, "ठीक आहे. मग त्या बाईचा काय गुन्हा होता? जो पुरुष नव्हताच, त्यानं तिला का फसवलं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. भियांनी माझ्याकडे न बघता जज्जसाहेबांकडे तोंड केलं. "न्यायमूर्ती महाराज, आरोपी ह्याला उत्तर देऊ शकत नाही. त्यानं चूक केली. पण त्याच्या लग्नात अक्षता टाकायला जे आले होते, त्यांना कुणी साक्षीला बोलावलं नाही."

यावर कुणी हसलं नाही, टाळीही पडली नाही. पुढं मी शेवटचं भाषण केलं. त्यात कीड हा शब्द होता, मुळावर घाव हे शब्द होते. आवाज चढत गेला. मी बोलत होतो आणि माझं मलाच खरं वाटत होतं. निकालाला हात वर झाले तेव्हा मंचावरून मला नुसते हातच दिसत होते. दोषी. जज्जसाहेबांनी गमतीनं शिक्षा सुनावली, आरोपीनं दोन वर्षं मंडळाच्या वाचनालयाची झाडलोट करावी. पुन्हा हशा.

पडद्यामागं भिया कोटाची घडी घालत होते. मी जाऊन उभा राहिलो.

"तो प्रश्न कागदात नव्हता," ते म्हणाले.

"ऐनवेळी सुचला."

त्यांनी खिशातलं फूल काढून खिडकीत ठेवलं. "अच्छा," म्हणाले आणि मागच्या जिन्यानं उतरून गेले.

मला वाटलं होतं, चार दिवसांत लोक विसरतील. तसं झालं नाही. बडा गणपतीला त्यांचं नाव आरोपी पडलं. आरोपी चालला, आरोपी आला. पानवाल्यापासून सगळे म्हणायचे, पुष्कळांना त्या नावामागची कथा माहीतही नसेल. घरमालकांनी सांगितलं, हमारे घर में बहू-बेटियां हैं, आप दूसरी जगह देख लो. आणि ऑफिसात बिनसहीचा अर्ज गेला.

हे मला त्यांनीच सांगितलं. कार्तिक महिना असेल, दुपारी ते जिल्हा कोर्टात मला शोधत आले. मी वकीलसाहेबांच्या मागं बॅगा घेऊन फिरत होतो. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एक टाइप केलेला कागद दाखवला. वरिष्ठांनी खुलासा मागितला होता, वर्तनाबद्दल तक्रारी आहेत, आपण अविवाहित असण्याचं कारण काय. "ह्याचा जवाब द्यायचा आहे. मी लिहिला आहे, पण तुझी कायद्याची भाषा चांगली. एकदा नजर टाकून दे. तुझं नाव कुठं येणार नाही."

मी तो कागद हातात धरला. दहा पावलांवर वकीलसाहेब पक्षकाराशी बोलत उभे होते.

"वकीलसाहेबांना विचारून सांगतो," मी म्हटलं.

भियांनी कागद माझ्या बोटांतून काढून घेतला, अगदी अलगद, मूल हातातलं काही पाडेल म्हणून काढून घ्यावं तसा. "राहू दे," म्हणाले. "तुझं काम चालू आहे."

सरकार तेव्हा उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायचं. त्यांनी कायमची ग्वाल्हेरची बदली मागून घेतली. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला तेव्हा तिकडूनच भोपाळला गेले. इंदूरला पुन्हा आले नाहीत. त्यांची बहीण एकदा कोर्टाच्या कामाला आली होती, तिनं मला ओळख दाखवली नाही.

माझं मात्र नाव झालं. सनद मिळाली त्या महिन्यातच वकीलसाहेबांनी मला ज्युनियर घेतलं, आणि दोन महिन्यांनी त्यांच्या पुतणीचं स्थळ सांगून आलं. "अभिरूप न्यायालयात मुलीनं पाहिलं आहे तुला," ते आईला म्हणाले, "आमच्या घरात सगळ्यांना पसंत." आई रडायलाच लागली. आमच्या दोन खोल्यांत असं स्थळ चालून येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मी नाही म्हणायला कारण शोधत राहिलो. नोकरी होती, मुलगी शिकलेली होती, हुंड्याचा प्रश्न नव्हता. कारण न सांगता नाही म्हणणारा एकच माणूस माझ्या माहितीत होता, आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं. मी हो म्हटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लावलेली असताना मला घरातून निघून जावंसं वाटलं. गेलोही, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत. अंगावर पिवळे कपडे. न्हावी म्हणाला, "अरे दूल्हे राजा, इकडे कुठं?" मी म्हटलं, दाढी करायची आहे. दाढी सकाळीच झालेली होती. त्यानं पुन्हा करून दिली आणि मी परत आलो.

बायको चांगली होती. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. तिला वाचायची आवड होती, ती मोजकं बोलायची आणि बोलायची ते नीट विचार करून. पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी गहू निवडता निवडता म्हणाली, "मी त्या दिवशी हात वर केला नव्हता."

"कुठल्या दिवशी?"

"तुमच्या खटल्यात. काकू म्हणत होती, कर ना वर. मला त्या माणसाचा चेहरा बघवेना." मग सूप झटकून, "पण तुम्ही बोललात छान. काकांनी स्थळ आणल्यावर त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती."

मला तिथंच सांगता आलं असतं. घरात एक माणूस होतं ज्यानं हात वर केला नव्हता, आणि मी त्याच्याचपासून लपत होतो. मी उठून अशिलाची फाईल काढली.

मुलगा झाला, त्यासाठी जेवढं व्हावं लागतं तेवढं झालं, आणि नंतर मी ऑफिसच्या खोलीतच झोपायला लागलो. काम फार असतं म्हणून. मुलगा तीन वर्षांचा असताना एका दुपारी, तो झोपलेला, आई कीर्तनाला गेलेली, ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"एक विचारू? रागावू नका. त्या बाईचा काय गुन्हा होता, असं तुम्ही तेव्हा विचारलं होतं. मला सांगा ना, काय होता?"

मी सांगितलं. मानपूर सांगितलं, पुलिया सांगितली, आईनं जेवताना विचारलेलं सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच मुलगा कुशीवर वळला तेव्हा जाऊन त्याला पांघरूण घालून आली. मी विचारलं, "माहेरी जायचं आहे का?"

"काय सांगून जाऊ?" ती म्हणाली. "तुमच्याबद्दल सांगितलं तर ह्या पोराला जन्मभर लोक काय म्हणतील? आणि नाही सांगितलं तर मला म्हणतील." तिनं खिडकी लावून घेतली. "तुम्हाला जायला जागा नाही आणि मलाही नाही. तर मग राहू. पण माझ्याशी खोटं बोलू नका आता."

त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही राहिलो. खोटं बोललो नाही. लोक आमच्या संसाराचं उदाहरण द्यायचे. कधी कधी रागात ती भांडी जोरात आपटायची, आणि मला माहीत असायचं की हे भांड्यांवर नाही. मला काही बोलायचा हक्क नव्हता. तिच्या तरुणपणाचं काय झालं ते मी रोज समोर पाहत होतो. ती गेली तेव्हा मी रडलो ते पाहून लोकांना वाटलं, केवढं प्रेम. होतंच. पण ते रडणं नुसतं त्यासाठी नव्हतं.

भियांना मी एकदाच पुन्हा पाहिलं. भोपाळला सरकारी कामानं गेलो होतो, भाजीबाजारात ते दिसले. केस पांढरे झालेले. बरोबर त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ होते आणि दोघांची वांग्यांवरून जुंपली होती. "ये सब बीजवाले हैं," असं ते गृहस्थ म्हणत होते, भिया ऐकत नव्हते. भांडण जुनं होतं, घरातलं होतं. मी वळून जाणार तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

"अरे! इंदूरचे वकीलसाहेब!" त्यांनी सोबतच्या गृहस्थांना माझी ओळख करून दिली, "मोठे वकील आहेत. मी ह्यांचा पहिला आरोपी." त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना सगळं माहीत होतं हे कळलं.

मी म्हटलं, "भिया, मला तुमची माफी—"

"घरी सगळे ठीक?" त्यांनी मला मध्येच तोडलं. "मुलं?"

"एक मुलगा आहे."

"छान," म्हणाले. माझी माफी त्यांना नको होती. ती घेऊन त्यांनी काय केलं असतं? पिशवी उचलून ते निघाले. ते गृहस्थ पुढं होऊन म्हणाले, लाओ, भारी है, आणि पिशवीचा एक बंद त्यांनी धरला. ते भोपाळलाच वारले. मला तीन वर्षांनी कळलं.

आता मी सत्त्याऐंशीचा आहे. माझं ऑफिस मुलगा चालवतो. परवा दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं त्या कलमातला तो भाग रद्द केला, तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो आणि टीव्ही चालू होता. पोरं रस्त्यात नाचत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मुलानं आवाज बारीक केला. "काय काय दाखवून राहिलेत. नातवंडं बसली आहेत इथं. बाबा, तुम्ही सांगा, कोर्टानं हे बरोबर केलं?"

"निकाल बरोबर आहे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे पाहायला लागला. साठ वर्षं फौजदारी केलेल्या बापाकडून त्याला हे अपेक्षित नसावं. पुढं बोलायला मी तोंड उघडलं. पणतू ताटातून मान वर करून ऐकत होता. सून आमटीची वाटी घेऊन उभी होती. सगळे थांबले होते आणि मला वाक्य सुचेना. मी कोर्टात कधी अडलो नाही असं लोक म्हणतात.

"कायद्याच्या दृष्टीनं," मी म्हटलं.

"हां, कायद्याच्या दृष्टीनं ठीक आहे," मुलगा म्हणाला, आणि त्यानं चॅनल बदललं. सुनेनं विचारलं, भात वाढू का. मी ताट पुढं केलं.